दाढ डॉक्टरांनी काढली, जखम आपण सांभाळायची!

अक्कलदाढ काढणं ही बहुतेक वेळा तासाभराच्या आतली गोष्ट. खरी परीक्षा त्यानंतरच्या आठवड्यात असते, आणि ती एकट्या पेशंटची नसते, घरातल्यांचीही असते!

"मावशी, दाढ काढली तिथंच ठणकतंय. कानातसुद्धा कळा जातायत."

रात्रीचे अडीच वाजले होते. गालावर हात दाबून माझा भाचा स्वयंपाकघराच्या दारात उभा. दाढ काढून तीन दिवस झाले होते. आदल्या दिवशी स्वारी चांगली खुशीत होती. मग आता हे काय मधेच?

तो पुण्यात शिकायला, आई-वडील नागपूरला. "आईला कळवू नकोस, ती उगाच धावत येईल," ही त्याची अट. त्यामुळे सगळी सरबराई माझ्याकडे, आणि मी ती मनापासून केली. दवाखान्यातून घरी येताच मिठाच्या कोमट पाण्यानं खळखळून चुळा भरायला लावल्या. तोंड नीट उघडत नव्हतं म्हणून शहाळं आणलं आणि हौसेनं त्यात स्ट्रॉ घालून दिली.

उजाडताच त्याला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी तोंडात डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "चुळा कधीपासून भरतोय?"

"पहिल्या दिवसापासून!" मी अभिमानानं सांगितलं.

"तिथंच चुकलं, ताई. मी दिलेला कागद वाचला नाहीत वाटतं?"

कागद माझ्या पर्समध्येच होता, घडीही न मोडलेला.

खपली नव्हे, कवच

दाढ निघाली की हाडात खड्डा राहतो. त्यात रक्त साकळतं आणि त्याची गुठळी बसते. ही गुठळी म्हणजे उघड्या हाडावरचं आणि नसांवरचं कवच. तिच्याच आधारानं खालून नवं मांस भरत येतं. जोरात चूळ भरली, थुंकलं, स्ट्रॉनं ओढून प्यालं किंवा सिगारेटचा झुरका मारला, तर ती निसटू शकते. मग हाड उघडं पडतं. यालाच दंतवैद्य 'ड्राय सॉकेट' म्हणतात. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत हा त्रास जास्त आढळतो. धूम्रपान करणाऱ्यांना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना त्याचा धोका अधिक.

ओळखायचं कसं? साधं दुखणं दिवसागणिक उतरतं. हे मात्र उतरता उतरता दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उलट फिरतं. ठणका कानापर्यंत जातो, तोंडाला वास येतो. अशा वेळी घरी लवंगेचं तेल ओतत बसू नका. डॉक्टर खड्डा हलक्या हातानं धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवतात. गंमत अशी, की त्या औषधात पुष्कळदा लवंगेतलंच युजेनॉल असतं! पण ते किती आणि कुठं, हे त्यांच्या हातात असलेलं बरं. भाच्याला तासाभरात उतार पडला.

ही दाढ त्रास का देते?

अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात, सगळ्यांत शेवटी येतात. तोवर जबड्यातली जागा २८ दातांनी व्यापलेली असते. मग ही पाहुणी तिरकी येते, आडवी झोपते किंवा अर्धीच वर डोकावते. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीची झडप राहते. तिच्याखाली अन्नाचे कण अडकतात, हिरडी सुजते, पू होतो. शेजारची चांगली दाढही किडू शकते.

म्हणून प्रत्येक अक्कलदाढ काढायलाच हवी का? मुळीच नाही. सरळ आलेली, स्वच्छ राहणारी, न दुखणारी दाढ खुशाल राहू द्यावी. ब्रिटनमध्ये २००० साली तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी असाच सल्ला दिला गेला, की अडकलेली पण निरोगी दाढ निव्वळ खबरदारी म्हणून काढू नये. मात्र हिरडी वारंवार सुजत असेल, दाढ किडली असेल किंवा शेजारणीला इजा होत असेल, तर चालढकल नको.

खुर्चीत काय होतं?

आधी एक्सरे निघतो. खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. ती किती जवळ आहे, हे त्यात दिसतं. रक्तदाब, मधुमेह, गर्भारपण, औषधांची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्या, हे सारं डॉक्टरांना आधीच सांगा. कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

भुलीच्या इंजेक्शनानंतर दुखत नाही, दाब मात्र जाणवतो. अडकलेल्या दाढेसाठी हिरडीला छेद देतात, थोडं हाड कोरतात, कधी दाढेचे तुकडे करून ती काढतात आणि टाके घालतात. ही भूल आपल्याला सहज मिळते, पण तिच्यामागं एका अक्कलदाढेचीच गोष्ट आहे. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात होरेस वेल्स या दंतवैद्यानं नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःची अक्कलदाढ सहकाऱ्याकडून उपटून घेतली. वेदनेशिवाय दात निघतो, हे त्यानं स्वतःवरच पडताळून पाहिलं! आज सर्रास वापरलं जाणारं लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं.

खर्चाची धास्ती असेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. मुंबईत, नागपुरात अशी महाविद्यालयं आहेत.

मग घरी काय करायचं?

पहिला दिवस: कापसाचा बोळा किंवा गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. सारखा काढून बघायचा नाही. लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नका. थुंकू नका, गिळून टाका. भूल उतरेपर्यंत गरम खाऊ-पिऊ नका, नाहीतर ओठ-जीभ चावली-भाजली तरी कळत नाही. गालाला बाहेरून बर्फ, कपड्यात गुंडाळून, वीस मिनिटं लावायचा आणि तेवढाच वेळ थांबायचं. झोपताना उशी थोडी उंच. पहिले चोवीस तास चूळ नाही आणि ब्रश जखमेला लावायचा नाही.

दुसरा-तिसरा दिवस: सूज याच दिवसांत सर्वांत जास्त दिसते, ती अपेक्षितच असते. आता जेवणानंतर मिठाचं कोमट पाणी तोंडात घ्या, मान हलवा आणि ते अलगद बाहेर सोडा. खळखळ नाही! पेज, मऊ भात आणि वरण, दही, खिमट, गार दूध, सारं चालेल, पण चमच्यानं किंवा पेल्यानं. चिवडा, शेंगदाणे, तीळ आठवडाभर दूर.

वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितलेलीच घ्या. अ‍ॅस्पिरिननं रक्तस्राव वाढतो आणि ती हिरडीवर दाबून धरली तर हिरडी भाजते. सिगारेट, तंबाखू, गुटखा, मिश्री पूर्ण बंद. कायमची सुटली तर दुधात साखर! टाके विरघळणारे नसतील तर साधारण आठवड्यानं काढतात.

इथं मात्र थांबू नका

गॉज दाबूनही रक्त थांबत नाही, ताप भरतो, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढते किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ-जीभ बधिर आहे, तर डॉक्टरांना लगेच कळवा. आणि गिळता येत नसेल, जिभेखाली सूज येऊन बोलणं बदललं असेल किंवा श्वास जड होत असेल, तर रात्र असो की दिवस, थेट मोठं रुग्णालय गाठा. दाढेचा संसर्ग गळ्याकडे उतरला तर श्वासनलिका आवळू शकते. लुडविग या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली हा आजार नोंदवला. आज त्यावर उपचार आहेत, पण वेळेवर पोचलं तर!

जपानी भाषेत अक्कलदाढेला 'ओयाशिराझु' म्हणतात. अर्थ काय, तर 'आई-वडिलांना ठाऊक नसलेली'. आमच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरत होतं. त्या सकाळी दवाखान्यातून परतल्यावर मी बहिणीला फोन लावला. ती भाच्यावर रागावली, मग माझ्यावर. संध्याकाळी निघाली आणि दुसऱ्या दिवशी दारात हजर!

आल्या आल्या म्हणाली, "आधी त्याला मिठाच्या चुळा भरायला लाव बरं, खळखळून!"

मी काही बोलले नाही. पर्समधला तो कागद काढून तिच्या हातात ठेवला.