इंदूरच्या लग्नात निघालेला नांगराचा विषय

मंडळी, इंदूरला समुद्र नाही हे आम्हालाही माहीत आहे. पण गेल्या मे महिन्यात नांगरावर आमच्यात जेवढी चर्चा झाली, तेवढी सोसायटीच्या सभेतसुद्धा कधी झाली नव्हती, आणि ती झाली इंदुरातच.

झालं असं की आपल्या एका सभासदाची बहीण इंदूरला दिलेली. तिच्या मुलीचं लग्न होतं म्हणून आम्ही सात-आठ जण गेलो. सोबत आपले एक जुने तांडेलही होते. (नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही.) हळदीच्या रात्री सगळे सराफ्यात खायला गेलो. भुट्ट्याचा कीस हातात, आणि नवरीच्या भावानं मोबाईल पुढे केला. पोरगा आदल्या वर्षी मित्रांबरोबर ग्रीसला गेला होता. तिथं शिडाची यॉट भाड्यानं घेऊन बेटं फिरला. "मामा, तुम्ही बोटवाले, हे बघा न," म्हणाला.

व्हिडिओ हायड्रा नावाच्या बेटाचा. अथेन्सजवळचं छोटं बेट, तिथं मोटारगाड्याच नाहीत, सामान खेचरांवरून जातं. एकेकाळी तिथले लोक पक्के दर्यावर्दी. 1821 साली तुर्कांविरुद्धची लढाई सुरू झाली तेव्हा या बेटाची गलबतं पुढे होती. बंदर मात्र घोड्याच्या नालेएवढं. आत बोटींची ही गर्दी!

बोट लावायची त्यांची रीत आपल्यापेक्षा वेगळी. धक्क्यापासून लांब असतानाच नाळेवरचा नांगर खाली सोडायचा, साखळी सोडत सोडत रिव्हर्समध्ये मागे यायचं, आणि बोटीची मागची बाजू धक्क्याकडे करून दोन दोर बांधायचे. बोट धक्क्याला टेकवायची नाही, मध्ये थोडं पाणी ठेवायचं. पुढून नांगर ओढून धरतो, मागून दोर. उतरायला एक फळी. अशा बोटी खांद्याला खांदा लावून ओळीनं उभ्या. एकही फिरत नाही, म्हणून थोड्या जागेत पुष्कळ मावतात.

व्हिडिओत पुढे वारा आला, पोराची बोट मागे सरकली आणि धक्क्यावर आपटली. पोरं हसत होती. तांडेल हसले नाहीत.

"पाणी किती होतं तिथं?"

"आठ मीटर, मामा."

"आणि साखळी किती सोडलीस?"

"वीस असेल."

"असेल म्हणजे? मोजली नाहीस?"

पोरगा गप्प झाला. नुसती साखळी असेल तर पाण्याच्या खोलीच्या निदान चौपट-पाचपट सोडावी लागते, दोर असेल तर सहा-सातपट. कारण नांगर वजनानं धरत नाही. ओढ आडवी आली तर त्याचं पातं चिखलात शिरतं. साखळी कमी असली की ओढ वरच्या दिशेनं येते आणि पातं उपटून निघतं. मग नांगर कितीही जड असो, तो तळावरून घसटत बोटीमागे येतो.

पोरानं कमी का सोडली? तर समोर दुसऱ्यांच्या साखळ्या होत्या, त्यात अडकेल म्हणून. हायड्राला हे रोजचंच. आधी आलेल्याच्या साखळीवर नंतरचा आपली टाकतो, सकाळी खालचा आधी निघाला की दोन्ही वर येतात. मग आरडाओरड. पण तिथले जाणते लोक ती कशी सोडवतात ते पोरानं दाखवलं, आणि ते मात्र तांडेलांनी दोनदा बघितलं. आपला नांगर वर ओढायचा, त्यावर आलेल्या परक्या साखळीखालून एक दोर घालून ती आपल्या नाळेला टांगून धरायची, मग आपला नांगर थोडा खाली सोडायचा. तो मोकळा होतो. बाजूला घेऊन टांगलेला दोर सोडला की दुसऱ्याची साखळी परत तळाला. सगळं दहा मिनिटांचं काम.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं हे सांगायला नको. एकदा आमच्याच एका बोटीचा दोर रात्री कुणीतरी कोयत्यानं कापला होता. कुणी ते विचारत बसलो नाही, पण बोट सकाळी खडपावर सापडली. दुरुस्तीत सबंध हंगाम गेला.

लग्न आटोपल्यावर परतायच्या आधी महेश्वरला गेलो. इंदुराहून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, नर्मदेच्या काठी. चौंडीच्या आपल्या अहिल्याबाईंची राजधानी, त्यांचे दगडी घाट. बायका देवळात गेल्या, आम्ही नावाड्यांकडे. तिथं नावा नाळ पायरीला लावून, दोर काठावर बांधून ठेवतात. भरती-सुकती नाही, म्हणजे सोपं असणार असं वाटलं. नावाडी म्हणाला, सोपं होतं. आता वर ओंकारेश्वरला धरण आहे. पाणी सोडलं की नदी चढते, बंद केलं की उतरते. दोर आखूड बांधून घरी गेलात आणि पाणी उतरलं, तर नाव पायरीवर अडकून कलंडते. सैल बांधून गेलात आणि पाणी चढलं, तर प्रवाह तिला फिरवून दगडावर घालतो. 2023 च्या सप्टेंबरात धरणातून पाणी सुटलं तेव्हा घाटच्या घाट बुडाले होते. ती रात्र त्यांनी दोर वरवर हलवत जागून काढली.

तांडेल म्हणाले, "ह्याचं आणि आपलं दुखणं एकच. ग्रीसवाल्यांचं पाणी हलत नाही, म्हणून त्यांचे लाड."

खरंच आहे ते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-सुकतीचा फरक फूटभरही नसतो. आपल्याकडे मुंबईला उधाणाच्या दिवशी चार मीटरांहून जास्त. दक्षिणेकडे जाऊ तसा कमी होतो, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातही हिशेबात धरावाच लागतो. म्हणून त्यांची धक्क्याची रीत इथं जशीच्या तशी चालणार नाही. पण साखळीचं गणित तेच, उलट आपल्याला जास्त लागू.

आता हे नीट वाचा. सुकतीला आलात, पाणी पाच मीटर दिसलं, पाचपट म्हणून पंचवीस मीटर साखळी सोडलीत आणि घरी गेलात. रात्री उधाणाची भरती आली, पाणी नऊ मीटर झालं. नाळ पाण्यापासून एक मीटर उंच, म्हणजे दहा. तुमची पाचपट आता अडीचपट झाली. इंदूरच्या पोराची होती तेवढीच! वारा पडलेला असला तर निभावतं. नसला तर नाही. भरतीचं पाणी धरून पन्नास मीटर सोडायला हवी होती, आणि साखळीपुढे दोर असला तर त्याहून जास्त.

2021 च्या मे महिन्यातलं तौक्ते कुणी विसरलेलं नाही. देवगडच्या आनंदवाडीत बंदरात नांगरून ठेवलेल्या नौका गेल्या, माणसं गेली. मुंबई हायजवळ पी-305 बार्जचे नांगर तुटले, ती वाहत गेली आणि बुडाली. 261 माणसं होती तिच्यावर, सत्तरहून जास्त परतली नाहीत. तसल्या वाऱ्यात नुसत्या लांब दोरानं सगळं वाचलं असतं असं आम्ही म्हणत नाही. पण रोजच्या वाऱ्यातसुद्धा आपल्या बोटी घसटतात, त्याला तुफानाचं कारण देता येत नाही.

"जागाच नाही, लांब दोर सोडला तर बोट फिरून शेजाऱ्यावर जाईल," हे आम्हीही म्हणत आलो. अडचण खरी आहे. पण एकानं पन्नास मीटर सोडून फिरायचं आणि शेजाऱ्यानं पंधरा मीटरवर उभं राहायचं, याच्यानंच बोटी एकमेकींवर जातात. सगळ्यांनी सारखा सोडला तर सगळ्या वाऱ्याबरोबर एकदम फिरतात. खाडीत अरुंद जागी पुढे एक आणि मागे एक नांगर टाकला तर फिरायचा प्रश्नच कमी होतो. फक्त मग ओळीतल्या सगळ्यांनी तसंच टाकायला हवं, आणि मागचा दोर दुसऱ्याच्या पंख्यात जाणार नाही एवढा खाली ठेवायला हवा. हे एकट्यानं होणारं काम नाही, म्हणून हंगामाआधीच्या बैठकीत हा विषय घेतलाय. बोट मालकांनी यावंच, आणि तांडेलांनाही आणावं. दोर सोडणारा हात त्यांचा असतो.

आणखी दोन गोष्टी तांडेलांनी परतीच्या गाडीत सांगितल्या. नांगर फेकून त्यावर साखळीचा ढीग करू नये. तळाला लागला की बोट वाऱ्यानं मागे जाऊ द्यावी, शेवटी इंजिन थोडं रिव्हर्सला देऊन तो धरलाय का बघावं. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत घ्याव्यात, देवळाचा कळस आणि मागचा माड, जशा आपण माशाची जागा धरायला घेतो. खुणा सरकल्या की नांगर सरकला. आणि नाळेवर दोर घासतो तिथं जुन्या पाइपाचा तुकडा घालावा. दोर बहुतेक तिथंच तुटतो.

गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते धक्क्यावर दोर पसरून बसलेले दिसले. दर पाच वावांवर लाल चिंधी बांधत होते. आम्ही मोजायला बसलो तर त्यांच्या समजुतीपेक्षा दोर अकरा वाव कमी निघाला. कधीतरी कापला गेला होता आणि लक्षात राहिलं नव्हतं.