गिरण्यांचा धूर गेला, नायट्रोजन राहिला

लोअर परळच्या जुन्या रहिवाशांना धूर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. धुराचा त्रास इतका होता की १९१२ साली मुंबईत त्यासाठी कायदा करावा लागला. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्या जागी मॉल व टॉवर उभे राहिले. काळा धूर गेला म्हणजे हवा शुद्ध झाली, असे आपल्याला वाटते. पण न दिसणारा धूर अजून आहे. तो माणसाच्या छातीत जातो, तसाच झाडांवर, मातीवर आणि खाडीवरही उतरतो. या वेळी आम्ही त्याच्याविषयी लिहीत आहोत.

आम्लवर्षा हा शब्द जन्मला तोही कापड गिरण्यांच्याच शहरात. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या पावसात आम्ल असल्याचे रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवले. कोळशात गंधक असते. कोळसा जळला की गंधकाचा वायू होतो आणि ढगातल्या पाण्यात मिसळून त्याचे आम्ल बनते. पुढे चिमण्या उंच केल्या गेल्या. त्यामुळे जवळच्या वस्तीला थोडा दिलासा मिळाला, पण धूर दूर वाहून गेला. ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या धुराने नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांतले मासे मेले. धूर करणारा एक आणि भोगणारा दुसरा, ही तऱ्हा आपल्या वाचकांना नवी नाही.

आता नायट्रोजनचे पाहू. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे आणि तो निरुपद्रवी आहे. पण गाडीच्या इंजिनात, जनरेटरमध्ये, वीज केंद्राच्या भट्टीत प्रचंड उष्णता होते, तेव्हा तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्याचे दाहक वायू बनतात. पावसात मिसळून त्यांचे नायट्रिक आम्ल होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ इंधनात गंधक फारच थोडे, दहा लाख भागांत १० भाग, उरले आहे. नायट्रोजन मात्र इंधनातून नव्हे, हवेतूनच येतो. नव्या गाड्यांवर त्याचीही मर्यादा आहे; पण सेनापती बापट मार्गावर तासन्‌तास खोळंबणाऱ्या वाहनांची गर्दी पाहिली, की हा प्रश्न का सुटत नाही हे कळते.

आम्लता पीएच या आकड्याने मोजतात. आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त, आणि एक अंक घसरला की आम्लता दहापट वाढते. स्वच्छ पावसाचा पीएच साधारण ५.६ असतो. आपल्याकडच्या धुळीत चुन्याचा अंश असतो आणि तो बरेचसे आम्ल मारतो, म्हणून भारतातला पाऊस युरोपइतका आम्ल झाला नाही. तरी हवामान खात्याच्या देशातील केंद्रांवर, ज्यांत पुणे आणि नागपूरही आहेत, अनेक वर्षे नोंदी होत आल्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी पीएच हळूहळू घसरताना दिसला आहे. अशा पावसात भिजल्याने कातडी भाजत नाही. लिंबाचा रस त्याहून कितीतरी आंबट असतो. नुकसान होते ते मातीचे. आम्ल मातीतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेते आणि अॅल्युमिनियम मोकळे करते. ते झाडांच्या मुळांना आणि ओढ्यातल्या माशांच्या कल्ल्यांना घातक ठरते.

याचा पहिला इशारा देणारा जीव आपल्या स्वयंपाकघरातच आहे. काळ्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, ते फूल नसून शैवाक आहे. बुरशी आणि शेवाळ यांचा तो संसार. त्याला मुळे नसतात. अन्नपाणी सारे हवेतून आणि पावसातून घेतो. त्यामुळे हवा बिघडली की झुपकेदार शैवाके आधी मरतात आणि घाण सोसणारे थोडे प्रकार उरतात.

नायट्रोजन हे खतही आहे, आणि दुसरा धोका तिथेच आहे. अति तेथे माती म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर माती पातळ आणि नापीक आहे. म्हणूनच तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती किडे पकडून नायट्रोजन मिळवतात. अशा जागी आकाशातून फुकट खत पडू लागले, तर जोमदार गवत माजते आणि ही नाजूक फुले दबून जातात. नेदरलँड्समधील माळरानांवर हेच घडले. तिथे २०१९ मध्ये न्यायालयाच्या निकालामुळे नायट्रोजन वाढवणारे अनेक प्रकल्प थांबवावे लागले.

मुंबईत हे जादा खत सांडपाण्यातूनही जाते. माणसाच्या मलमूत्रातून रोज साधारण १० ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो. लोअर परळचे सांडपाणी वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्रातून नळाने सुमारे साडेतीन किलोमीटर आत समुद्रात सोडले जाते. पवई तलावावर पसरणारी जलपर्णी याच खतावर पोसते. ठाणे खाडीत आणि शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी येतात, कारण सांडपाण्यावर वाढलेले शेवाळ त्यांचे अन्न आहे. हे पाहून प्रदूषणाने निसर्गाचे भलेच झाले असे समजू नये. शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे गुदमरतात आणि कोळ्याच्या जाळ्यात काही येत नाही.

आरोग्याचा हिशेबही वेगळा नाही. नायट्रोजन डायऑक्साइडने श्वासनलिकेला सूज येते आणि दमेकरी मुलांचा त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा एका घनमीटर हवेत १० मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे.

मग आपण काय करावे? कचरा आणि पाला जाळू नका, जाळू देऊ नका. ओल्या कचऱ्याचे खत करा. कुंडीत युरिया मूठभर टाकू नका. मुलांना शाळेत नेताना मुख्य रस्ता टाळून आतल्या गल्लीतून न्या. पण एवढ्याने भागणार नाही. वरळीसह सात ठिकाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे काम हाती घेतलेले आहे. ते कधी पूर्ण होणार आणि त्यात नायट्रोजन किती काढला जाणार, हे महापालिकेच्या जी दक्षिण विभाग कार्यालयात लेखी विचारा. बससेवा वाढवण्याची मागणी मंडळाच्या आणि विहाराच्या बैठकीत ठराव करून पाठवा. गिरणीचा धूर डोळ्यांना दिसत होता, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलता आले. हा दिसत नाही, म्हणून त्याची माहिती घेणे आणि ती शेजाऱ्याला देणे हे आपले पहिले काम आहे.