शाळिग्रामाची जन्मकथा

देवघरातील शाळिग्रामावर तुळशीपत्र वाहताना त्याच्या अंगावरील चक्र वाचकांपैकी पुष्कळांनी न्याहाळले असेल. हे चक्र कोणी कोरले? भूगर्भशास्त्र सांगते की, तो अमोनाइट नामक सागरी प्राण्याच्या कवचाचा ठसा होय. नेपाळातील काळी गंडकीचे खोरे आज हिमालयाच्या कुशीत आहे. परंतु सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तेथे टेथिस समुद्र होता. त्याच्या तळच्या काळ्या चिखलात ही कवचे गाडली गेली.

पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतभूमी उत्तरेकडे सरकत आशियास भिडली. भिंतीशी रेटलेल्या सतरंजीस चुण्या पडाव्यात, तशा मधल्या गाळाच्या थरांस घड्या पडल्या व ते उचलले गेले. वरचे थर वाकले, पण फारसे तापले नाहीत; म्हणून त्यांतील चक्रे शाबूत राहिली. खालचे अधिक प्राचीन थर मात्र वीस-तीस किलोमीटर खोल दडपले गेले. तेथे ६०० अंश सेल्सियसहून अधिक उष्णतेत व प्रचंड दाबाखाली ते बहुतांशी न वितळताच पालटले. चिकणमातीतून अभ्रक व तांबडे तामडे उपजले. चुनखडीचा संगमरवर झाला. पुढे वर रेटले गेलेले हे रूपांतरित खडक मुक्तिनाथाच्या दक्षिणेस त्याच खोऱ्यात उघडे पडले आहेत. त्यांत शंखाची खूण शोधूनही सापडावयाची नाही.

या ज्ञानाने श्रद्धेस उणेपणा येतो, असे आम्हांस वाटत नाही. पर्वत घडताना जे पुसले गेले नाही, तेच आपण नित्य हाती घेतो!