साहेबाची पदके आणि नाईकाची नोंद

आपल्या मंडळींपैकी काहींच्या घरी जुन्या पेटीत एखादे चांदीचे पदक, पट्ट्याचे पितळी बक्कल किंवा हुद्द्याची सनद असते. पणजोबा पोलिसात होते, एवढे घरात ठाऊक असते; पुढचे सांगणारी माणसे गेलेली असतात. अशा वस्तूंवरून व दप्तरांवरून राणी व्हिक्टोरियाच्या काळातील एखाद्या पोलीस अधिकाऱ्याची कारकीर्द कशी उलगडावी, हे आम्ही येथे एका प्रसिद्ध उदाहरणाने सांगणार आहो. हे गृहस्थ म्हणजे सर फ्रँक सूटर, १८६४ ते १८८८ मुंबईचे पोलीस कमिशनर.

प्रथम एक गोष्ट ध्यानात धरावी. खास पोलिसांसाठी असलेले ‘किंग्ज पोलीस मेडल’ निघाले १९०९ साली. त्यापूर्वीच्या पोलिसाच्या छातीवर जे दिसते, ते बहुधा लष्करी मोहिमेचे पदक असते. सत्तावनच्या धामधुमीबद्दल दिलेल्या पदकावर एका बाजूस राणीचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस सिंहासह उभी असलेली ब्रिटानिया आहे. फीत पांढरी, तीवर दोन तांबडे पट्टे. दिल्ली, लखनौ, मध्य हिंदुस्थान अशा मोहिमांसाठी वर आडव्या पट्ट्या मिळत. दक्षिणेतील चकमकींना मात्र वेगळी पट्टी नव्हती. म्हणून पट्टी नाही यावरून पराक्रम नाही असे समजू नये. पदकाची कड भिंगाखाली धरावी. नाव व पलटण तेथे उमटविलेली असते. चिंच लावून घासण्याचा मोह मात्र आवरावा, कारण झिजलेले अक्षर पुन्हा येत नाही.

सूटर यांचे घराणेच शिपाईगिरीचे. १८४२ साली काबूलहून परतणाऱ्या इंग्रज फौजेचा गंडमक येथे शेवट झाला, तेव्हा पलटणीचे निशाण अंगाभोवती गुंडाळून कैद झालेले कॅप्टन सूटर हे त्यांचे वडील. मुलगा १८५० मध्ये निजामाच्या मुलखातील बंडाविरुद्ध स्वयंसेवक म्हणून लढला आणि १८५४ साली धारवाडचा पोलीस सुपरिंटेंडेंट झाला. १८५८ च्या जूनमध्ये नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांना त्यांनी पकडले. बाबासाहेबांना त्याच महिन्यात बेळगावास फाशी दिले गेले.

यापुढचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नगर-नाशिक भागात भागोजी नाईक या भिल्ल पुढाऱ्याने उठाव केला होता. हा भागोजी पूर्वी स्वतःच नगरच्या पोलिसात अंमलदार होता! १८५५ मध्ये दंगा व पोलिसांस अटकाव केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला. पुढे सर्वांची हत्यारे काढून घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्याने नांदूर-शिंगोटे हे आपले गाव सोडले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्याच गावाजवळ नगरचे पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याच्या टोळीशी लढताना पडले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, सिन्नर तालुक्यातील मिठसागर येथे सूटर यांनी भागोजीला गाठले व तो मारला गेला. पदकावर साले मात्र कोरली आहेत ती १८५७-१८५८. मिठसागरचा माळ त्यात बसत नाही.

पदकावरून ही हकीकत कधीच कळली नसती. ती मिळते मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक व नगर या खंडांतून, आणि तीही सरकारी भाषेत. भागोजीला पदक नाही, सनद नाही. त्याची नोंद आहे ती त्याच्यावर चाललेल्या कागदांत. आपल्या निर्मळच्या रामजी गोंडांचेही तसेच. त्याच सुमारास ते रोहिल्यांसह लढले, १८६० साली फासावर गेले; हजार फासांचा तो वड लोकांनी तोंडी जपला. म्हणून एका बाजूची सनद वाचताना दुसऱ्या बाजूचा माणूस कोण, हे विचारणे आम्ही संशोधकाचे पहिले काम समजतो.

मुंबईत आल्यावर सूटर यांना ‘स्टार ऑफ इंडिया’चा सी. एस. आय. हा किताब व पुढे ‘सर’ पदवी मिळाली. येथे नवशिक्या शोधकाची फसगत होते. नुसत्या नाइट पदवीचे बोधचिन्ह १९२६ पर्यंत अस्तित्वातच नव्हते; तेव्हा ते पेटीत सापडणार कसे? त्यासाठी ‘लंडन गॅझेट’ चाळावे लागते. नेमणुका, बदल्या व रजा ‘बॉम्बे गव्हर्न्मेंट गॅझेट’मध्ये छापल्या जात. मूळ पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याच्या दप्तरांत शोधावा. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरे आहेत. ज्यांचे पूर्वज निजामी नोकरीत होते त्यांनी हैदराबादेस तारनाका येथील राज्य अभिलेखागाराची वाट धरावी. तेथे उर्दू-फारसी वाचणारा सोबती हवाच.

दप्तर नेहमी स्तुतीच करते असेही नाही. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याच्या प्रयत्नाचा तपास सूटर व त्यांच्या माणसांनी केला. रेसिडेन्सीच्या रावजी हवालदाराच्या पट्ट्यात विषाची पुडी निघाली, ती पोलिसांनीच ठेवली नसेल कशावरून, असा मल्हारराव गायकवाडांचे वकील बॅलंटाइन यांचा रोख होता. १८७५ च्या त्या मंडळावर सहा सभासद होते. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी धरले. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव यांना आरोप शाबीत वाटला नाही. मल्हाररावांची गादी तरी गेलीच. ‘सर’ पदवीही सूटर यांना त्याच वर्षी मिळाली. साक्षी छापलेल्या आहेत; वाचकांनी स्वतः वाचून मत बनवावे.

१८८८ साली सूटर निवृत्त झाले व त्याच वर्षी निलगिरीत वारले. घरी पदक असेल त्यांनी आज एवढेच करावे: कडेवरचे अक्षर जसेच्या तसे उतरून घ्यावे, आजीला आठवत असेल ते गाव, हुद्दा व साल त्याखाली लिहावे, आणि तो कागद पदकासोबतच ठेवावा.