निखळलेली पट्टी आणि मागचा वाटसरू

मोटारीच्या पुढच्या काचेलगतची एक पट्टी सुटून पडली, हा काही अग्रलेखाचा विषय नव्हे असे आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस वाटेल. प्रथमदर्शनी आम्हांसही तसेच वाटले होते. रस्त्यावरचे खड्डे, मद्यधुंद चालक, रात्रीच्या वेळी दिव्यांविना उभे करून ठेवलेले ट्रक यांपायी आपल्याकडे नित्य माणसे मरत असताना एका पट्टीची चिंता कोणी आणि कशासाठी करावी? परंतु अमेरिकेत याच पट्टीपायी सुमारे १९ लाख मोटारी परत बोलावण्याची पाळी एका बलाढ्य कंपनीवर आली. ती पाळी कोणा न्यायाधीशाने वा लोकप्रतिनिधीने आणली नाही. गाडीमालकांच्या साध्या तक्रारींनी तिची सुरुवात केली. म्हणूनच हे प्रकरण आम्हांस विचार करण्याजोगे वाटते.

ही मोटार म्हणजे फोर्ड कंपनीची ‘एक्स्प्लोरर’. पुढची काच आणि पुढचा दरवाजा यांच्यामध्ये छप्पर तोलून धरणारा जो खांब असतो, त्याच्यावर बाहेरून एक पट्टी बसविलेली असते. आमचे गॅरेजवाले अशा साऱ्या पट्ट्यांना सरसकट ‘बीडिंग’ म्हणून मोकळे होतात. ती धरून ठेवण्याचे काम आतल्या क्लिपांचे. क्लिप जागेवर नीट अडकली नसली की पट्टी हळूहळू सैल होते, वाऱ्याच्या झोताने एका कडेने उचलली जाते आणि भर वेगात केव्हातरी उडून जाते. अशा १६४ तक्रारी हाती आल्यानंतर तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जानेवारी २०२३ मध्ये चौकशी सुरू केली. कंपनीचे म्हणणे असे पडले की, तक्रारींचे प्रमाण अल्प आहे, पट्टी लहान व वजनाला हलकी आहे, सबब सुरक्षिततेस अवाजवी धोका संभवत नाही. चर्चेच्या फेऱ्या झाल्या, आणि अखेर जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने २०११ ते २०१९ या सालांच्या १८,८९,११० गाड्या परत बोलाविण्याचे मान्य केले. तोवर खुद्द कंपनीच्या दप्तरी अशा ५०० हून अधिक तक्रारी जमा झाल्या होत्या. दुरुस्ती म्हणाल तर अगदी किरकोळ: क्लिपा अडकल्या आहेत की नाहीत हे पाहायचे आणि जोडीला चिकटद्रव्य लावायचे.

कंपनीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. या पट्टीमुळे अपघात झाल्याची वा कोणी जखमी झाल्याची एकही नोंद तिच्याकडे नव्हती. मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. आम्ही त्याचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाने देऊ. ज्याची पट्टी उडते तो ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वेगाने पुढे निघून गेलेला असतो. घरी पोहोचल्यावर किंवा गाडी धुताना पट्टी नाहीशी झाल्याचे त्याच्या ध्यानी येते. ती कोठे पडली, कोणावर आदळली, हे त्यास कळण्याचा मार्गच नाही. आणि ज्याच्यावर ती आदळली, तो दचकून कठड्याला धडकला असेल, तर तो तरी तक्रार कोणाविरुद्ध करणार? पुढे गेलेल्या कोणत्या गाडीची ती पट्टी होती, हे त्या बिचाऱ्याने कसे ओळखावे? ज्या दोषाचे कारण एकीकडे राहते आणि परिणाम दुसरीकडे घडतो, त्याच्या बाबतीत अपघाताची नोंद नाही एवढ्यावरून धोका नाही असा निष्कर्ष काढणे तर्काला धरून नाही.

क्लिपा जुन्या पद्धतीच्या म्हणून हे घडले, नव्या तंत्राने असे होणार नाही, असेही समजण्याचे कारण नाही. टेस्ला कंपनीच्या ‘सायबरट्रक’ या पोलादी वाहनाचा गाजावाजा आमच्या वाचकांनी ऐकला असेलच. त्याच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी छपराकडे जाणारा स्टेनलेस पोलादाचा पत्रा चिकटद्रव्याने जोडलेला होता. ऊन, थंडी, ओल यांच्या माऱ्याने ते चिकटद्रव्य ठिसूळ होते व पत्रा सुटू शकतो असे निष्पन्न झाल्यावर मार्च २०२५ मध्ये ४६,०९६ गाड्या परत बोलावाव्या लागल्या. हलकी पट्टी नव्हे, पोलादाचा पत्रा! तेवढ्याने भागले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच वाहनाच्या सुमारे ६,२०० गाड्यांवर, काचेच्या माथ्याशी बसविलेली दिव्यांची पट्टी सुटून पडू शकते म्हणून, तीच वेळ आली. काचेवर चिकटविण्यापूर्वी लावावयाचा थर चुकीचा लावला गेला होता. गंमत अशी की, फोर्डने क्लिपांच्या मदतीला चिकटद्रव्य बोलाविले, तर टेस्लाने चिकटद्रव्याच्या मदतीला नट-बोल्टाची जोड बोलाविली.

तक्रारींना एवढे वजन अमेरिकेतही आपोआप आलेले नाही. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटार कारखानदारांच्या बेपर्वाईवर पुस्तक लिहिले, त्यावर देशभर वादळ उठले आणि १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा झाला. तोवर अपघात म्हटला की दोष चालकाचा, अशी सोयीची समजूत तेथेही रूढ होती. आपल्याकडे ती अजून पुरती गेलेली नाही.

आपल्या देशात २०१२ पासून कारखानदारांच्या संघटनेने स्वेच्छेने गाड्या परत बोलाविण्याचा प्रघात सुरू केला. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अमलात आले. सदोष गाड्या परत बोलाविण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यामुळे केंद्र सरकारला मिळाला. कंपनीने टाळाटाळ केल्यास १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. या कलमाची भाषा आम्हांस विशेष समाधान देणारी वाटली. वाहनाचा चालक आणि आत बसलेली माणसे यांच्याबरोबरच रस्ता वापरणाऱ्या इतरांना होऊ शकणारी इजाही त्यात स्पष्टपणे धरली आहे. म्हणजे उडालेल्या पट्टीच्या वाटेत येणारा स्कूटरस्वार आपल्या कायद्याला दिसलेला आहे.

नियमांनी मात्र त्याच्याकडे पाठ फिरविली आहे. मोठ्या प्रमाणावर खपणाऱ्या मोटारींच्या बाबतीत मालकांच्या हजाराहून अधिक तक्रारी आल्यावर परत बोलाविण्याची सक्ती होते, आणि तीही सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरती. अमेरिकेत लाखो गाड्यांमागे १६४ तक्रारी चौकशीला पुरेशा झाल्या, हे येथे आठवावे. तक्रारींचा आकडा गाठला नाही तरी चाचणी संस्थेच्या किंवा अन्य मार्गाने आलेल्या माहितीवरून सरकारला हालचाल करता येते, हे खरे. पण करता येणे आणि करणे यांतले अंतर आपल्या प्रशासनाशी परिचय असणाऱ्यास सांगावयास नको. सात वर्षांची मर्यादा तर आम्हांस मुळीच समजत नाही. क्लिप सैल होते, रबर कडक होते, चिकटद्रव्य ठिसूळ होते, ते सारे गाडी जुनी झाल्यावरच. एक्स्प्लोररच्या २०११ ते २०१६ च्या गाड्या आपल्या नियमानुसार या सक्तीतून सुटल्या असत्या. अमेरिकेत विनामूल्य दुरुस्तीचा हक्क १५ वर्षांपर्यंत चालतो.

गोमंतकासारख्या किनारी प्रदेशाला हा प्रश्न अधिकच लागू पडतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाची काय गत करतो, हे येथील प्रत्येक घराच्या खिडकीचे गज सांगतील. त्यात रेतीच्या ट्रकामागे चालताना खडा उडून पुढची काच तडकणे हा नेहमीचा अनुभव. काच बदलताना बाजूची पट्टी काढावी लागते व तिच्या क्लिपा बहुधा तुटतात. त्या नव्या घालावयाच्या असतात. पण क्लिप मिळत नाही म्हणून वा चार पैसे वाचतात म्हणून सिलिकॉन फासून जुनीच पट्टी दाबून बसविण्यात येते, आणि मालकही “चालेल” म्हणून गाडी घेऊन जातो. हे चालत नाही. काचेचे चिकटद्रव्य पुरते सुकण्याआधी गाडी हमरस्त्यावर नेणेही धोक्याचे. अपघातात छप्पर सावरण्यास ती काच हातभार लावते आणि कित्येक गाड्यांत पुढच्या प्रवाशाची हवापिशवी फुगताना तिचाच आधार घेते. मागून येणाऱ्याची गोष्ट तर वेगळीच. तो येथे पुष्कळदा दुचाकीवर असतो: कामावर निघालेली स्त्री, भाड्याची स्कूटर घेतलेला पर्यटक, गिऱ्हाईक मागे बसवून निघालेला आपला मोटारसायकल पायलट. मोटारवाल्याच्या तोंडापुढे काच तरी असते.

आमच्या लोकांना अर्जांचा तिटकारा आहे, आणि त्याला इतिहास आहे. पोर्तुगीज अमदानीत अर्ज म्हणजे साहेबाची मनधरणी. तक्रार केली तर करणाऱ्यावरच नजर राहावयाची. त्या राजवटीला जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी पट्टी सुटली की गॅरेजात जाऊन डकवून घ्यायची आणि विषय संपवायचा ही आमची रीत कायम आहे. पट्टी डकवून घ्यावी, अवश्य घ्यावी. परंतु गाडीचे साल, ती किती किलोमीटर चालली, पट्टी केव्हा व किती वेगात सुटली, काच पूर्वी बदलली होती काय, एवढा तपशील छायाचित्रासह केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदविण्याचे कष्टही घ्यावेत.

सरकारकडे आमचे मागणे फार मोठे नाही. बाहेर सुटून पडणाऱ्या भागांपुरती तरी तक्रारींच्या आकड्याची आणि सात वर्षांची अट केंद्राने काढून टाकावी. राज्याच्या वाहतूक खात्याने टॅक्सी आणि भाड्याच्या मोटारी योग्यतेच्या दाखल्यासाठी तपासताना, ब्रेक आणि दिव्यांबरोबर काचेलगतच्या पट्ट्या हाताने ओढून पाहाव्यात. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. आणि ज्यांना संकेतस्थळावर तक्रार लिहिणे जमत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक वाहतूक कार्यालयात मराठी-कोकणीतून ती लिहून घेणारा एक कारकून नेमावा.