खानदेशातील लोकसेवकांसाठी सांस्कृतिक जाणीव व विविधता प्रशिक्षण : गरज, आशय आणि मर्यादा

प्रस्तावना

शासनाची धोरणे मंत्रालयात ठरत असली तरी सामान्य नागरिकाला शासन भेटते ते तलाठी कार्यालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, पोलीस ठाण्यात, वनरक्षकाच्या नाक्यावर आणि आश्रमशाळेत. अमेरिकन अभ्यासक मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रत्यक्ष जनतेशी संबंध येणारा कनिष्ठ कर्मचारी रोजच्या कामात जे निर्णय घेतो, तेच नागरिकांच्या दृष्टीने शासनाचे खरे धोरण ठरते. हे विधान खानदेशासारख्या बहुभाषिक व बहुजमातीय प्रदेशाला विशेषत्वाने लागू पडते. समोर आलेल्या माणसाची बोली, नाव, चालीरीती आणि सणवार कर्मचाऱ्याला परिचित नसतील, तर कायदा योग्य असूनही त्याचा लाभ योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचेलच असे नाही. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात लोकसेवकांच्या सांस्कृतिक जाणिवेच्या प्रशिक्षणाची गरज, त्याचा आशय व त्याच्या मर्यादा यांचा विचार करण्यात आला आहे.

संकल्पना

सांस्कृतिक जाणीव म्हणजे आपल्याहून भिन्न समाजगटाची जीवनपद्धती त्या गटाच्या दृष्टीने समजून घेण्याची क्षमता होय. विविधता प्रशिक्षण म्हणजे ही क्षमता कर्मचाऱ्यांमध्ये जाणीवपूर्वक विकसित करण्याची प्रक्रिया होय. यात तीन घटक अंतर्भूत आहेत : माहिती, वृत्ती आणि कौशल्य. भिल्ल समाजात वरपक्षाकडून वधूपक्षाला देज दिले जाते, ही माहिती झाली. देज म्हणजे हुंडा नव्हे, हे लक्षात घेऊन त्याविषयी घाईने मत न बनविणे ही वृत्ती झाली. कौटुंबिक तक्रार नोंदविताना देजासंबंधीचा तपशील नेमकेपणाने विचारणे व लिहून घेणे हे कौशल्य झाले. यांपैकी केवळ पहिल्या घटकावर थांबणारे प्रशिक्षण अपुरे ठरते.

खानदेशातील सांस्कृतिक वैविध्य

इंग्रजी अमदानीतील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्यांतूनच आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे आकाराला आले. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांहून अधिक, तर धुळे जिल्ह्याची सुमारे २०.५ लाख होती. अनुसूचित जमातींचे प्रमाण जळगावमध्ये सुमारे १४ टक्के, तर धुळ्यात सुमारे ३१ टक्के होते. म्हणजेच नंदुरबार वेगळा झाल्यानंतरही धुळे जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक तिसरी व्यक्ती आदिवासी आहे.

भाषेच्या दृष्टीने हा प्रदेश अधिकच संमिश्र आहे. तापी, पांझरा, गिरणा यांच्या खोऱ्यांत अहिराणी, यावल-रावेर पट्ट्यात लेवा गणबोली, तसेच गुजर समाजाची बोली, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी व भिलीची विविध रूपे, साक्रीच्या पश्चिम भागात मावची व कोकणी, तांड्यांवर बंजारा बोली आणि शहरांत उर्दू व हिंदी असे चित्र आढळते. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात (१९०७) भिली व खानदेशी या बोलींचा विचार एकाच भागात केला होता. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या १८ लाखांच्या पुढे होती. तथापि, शासकीय कामकाजाची भाषा प्रमाण मराठी आहे. मराठवाडा किंवा कोकणातून बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला ‘शे’ म्हणजे ‘आहे’ किंवा ‘आंडेर’ म्हणजे ‘मुलगी’ हे समजण्यास काही दिवस पुरतात. पावरीच्या बाबतीत मात्र दुभाष्याशिवाय संवादच होत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

राज्यकर्त्यांनी स्थानिक समाज समजून घेण्याचा प्रयत्न खानदेशात नवा नाही. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत होऊन खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा सातपुडा व सातमाळ्यातील भिल्लांचा बंदोबस्त लष्करी मोहिमांनी होईना. त्यामुळे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, १८२५ मध्ये, धोरण बदलण्यात आले. भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स औट्रम यांनी धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. औट्रम भिल्लांमध्ये मिसळत, त्यांच्याबरोबर शिकारीला जात आणि त्यांच्या विश्वासावर पलटणीची भरती करीत. भाषा व चालीरीती यांचा परिचय हा त्यांच्या प्रशासनाचा पाया होता.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. हा परिचय समतेसाठी नव्हता, नियंत्रणासाठी होता. सेंधवा घाटाच्या रस्त्याचे रक्षण करण्यासाठी इंग्रजांच्याच नोकरीत असलेले खाज्या नाईक १८५७ मध्ये उठावाचे नेते झाले आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तथापि त्यातून निर्माण झालेले पूर्वग्रह समाजातून व प्रशासनातून पूर्णतः नष्ट झाले असे म्हणता येत नाही. लोकांची माहिती असणे आणि लोकांचे हक्क मान्य असणे या भिन्न बाबी आहेत, हा या इतिहासाचा बोध होय.

अज्ञानाचे परिणाम

सांस्कृतिक अज्ञानाची किंमत किती मोठी असू शकते हे धुळे जिल्ह्याने अनुभवले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी असल्याच्या अफवेवरून, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच व्यक्तींची जमावाने हत्या केली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण करण्यात आली. हे कृत्य जमावाचे होते आणि अफवा समाजमाध्यमांतून पसरली होती. तरीही प्रशासनाच्या दृष्टीने एक प्रश्न उरतोच. हंगामानुसार फिरणाऱ्या भटक्या जमाती कोणत्या, त्या कोणत्या मार्गाने येतात, त्यांचा पारंपरिक व्यवसाय काय, याची माहिती गावपातळीवरील कर्मचारी व पोलीस पाटील यांच्याकडे असेल आणि ती गावकऱ्यांपर्यंत वेळीच पोहोचत असेल, तर अफवेला प्रतिबंध करण्याचे एक साधन उपलब्ध होते.

सर्वच परिणाम इतके भीषण नसतात. अनेक कागदोपत्री घडतात आणि म्हणून नजरेआड राहतात. यावल, रावेर व चोपडा तालुक्यांतील तडवी भिल्लांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. तडवी समाज प्रामुख्याने इस्लामधर्मीय असून अनुसूचित जमातींमध्ये समाविष्ट आहे. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार विशिष्ट धर्मांशी निगडित आहे. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. हा भेद माहीत नसलेला कर्मचारी अर्जावरील मुस्लिम नाव पाहून जमातीच्या दाव्याबद्दल संशय घेण्याचा संभव असतो. वनहक्क कायदा, २००६ अन्वये अनुसूचित जमातीच्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविणे पुरेसे असते, तर इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. म्हणजे तडवी कुटुंबाला चुकीच्या वर्गात टाकले, तर त्याच्यावर ७५ वर्षांच्या पुराव्याचा भार पडतो आणि न्याय्य दावा फेटाळला जाऊ शकतो.

याच कायद्याच्या नियमांमध्ये पुरावा म्हणून गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले जबाब, घर, बांध, विहीर, दफनभूमी व पवित्र स्थळे हेही ग्राह्य धरले आहेत. डोंगरातील देवस्थान कोणते आणि केवळ दगडांची रास कोणती, हे स्थळपाहणी करणाऱ्यास ओळखता आले पाहिजे. सातपुड्यातील एकच समाज महाराष्ट्रात पावरा, तर मध्य प्रदेशात बारेला या नावाने ओळखला जातो. सीमेपलीकडील नातेसंबंधांमुळे एकाच कुटुंबाच्या कागदपत्रांत दोन नावे आढळली, तर ती फसवणूक समजली जाऊ नये.

कायदेशीर व संस्थात्मक आधार

अशा प्रशिक्षणाला कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४७ मध्ये पंचायत राज सदस्य, प्रशासक, पोलीस अधिकारी, न्यायाधीश व वकील यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा समावेश अनिवार्य केला आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ मध्ये बालकाचा जबाब घेताना दुभाष्याचे साहाय्य घेण्याची तरतूद आहे. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायत विस्तार अधिनियम, १९९६ (पेसा) ग्रामसभेच्या रूढी, परंपरा व सांस्कृतिक ओळख यांना मान्यता देतो. धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

राज्यात २०११ पासून राज्य प्रशिक्षण धोरण अस्तित्वात असून पुण्याची यशदा ही शिखर संस्था आहे. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच १९६२ पासून कार्यरत आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ला मान्यता दिल्यानंतर संगणकीय माध्यमातून शिकण्याची सोयही झाली. परंतु राज्य किंवा देश पातळीवर तयार होणारा अभ्यासक्रम स्वाभाविकच सर्वसाधारण असतो. शिरपूरच्या वनरक्षकाला लागणारी पावरी शब्दावली त्यात असण्याची अपेक्षा करता येत नाही.

राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, अंगणवाडी पर्यवेक्षक इत्यादी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांमधून भरण्याची तरतूद केली. या तरतुदीवर पुढे न्यायालयीन वाद झाले. स्थानिक भरती हा उत्तम उपाय असला तरी ती प्रशिक्षणाला पर्याय ठरत नाही; कारण कोकणी बोलणारा कर्मचारी पावरी पाड्यावर परकाच असतो. तसेच आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार देण्यात आलेला एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ त्या क्षेत्रातील सेवेशी निगडित आहे. तेथील बोली शिकण्याशी नाही.

प्रशिक्षणाच्या मर्यादा

प्रशिक्षण दिले की वृत्ती बदलते, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये स्टीफन लॉरेन्स खून प्रकरणानंतर आलेल्या मॅकफर्सन अहवालाने (१९९९) पोलीस दलातील संस्थात्मक वंशभेदावर बोट ठेवले. दोष एखाद्या व्यक्तीचा नसून कार्यपद्धतीचा असू शकतो, हा विचार त्यातून पुढे आला. अमेरिकेत कॅलेव्ह, डॉबिन व केली यांनी ७०८ खाजगी आस्थापनांच्या माहितीवरून २००६ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, केवळ विविधता प्रशिक्षणाचा व्यवस्थापनातील प्रतिनिधित्वावर अल्प परिणाम होतो. त्याउलट जबाबदारी निश्चित करणारी यंत्रणा अधिक परिणामकारक ठरते. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच दाखविले होते की, समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य व अधिकाऱ्यांचा पाठिंबा असेल तरच दोन गटांच्या संपर्कातून पूर्वग्रह कमी होतात.

सांस्कृतिक माहितीचे साचेबंद समजुतींत रूपांतर होण्याचाही धोका असतो. ‘पावरा असे असतात’, ‘पारधी तसे असतात’ अशा वाक्यांनी भरलेली पुस्तिका पूर्वग्रह दूर करण्याऐवजी त्यांना शासकीय मान्यताच देईल.

प्रशिक्षणाचा अपेक्षित आशय

वरील विवेचनाच्या आधारे खानदेशासाठी पुढील बाबी सुचविता येतात.

१. तालुकानिहाय बोलीभाषा : आरोग्य, महसूल, पोलीस व वन या प्रत्येक विभागाला नित्य लागणारे प्रश्न व शब्द स्थानिक बोलीत शिकविले जावेत. दुखणे कोठे व किती दिवसांपासून आहे, एवढे परिचारिकेला विचारता व समजता आले तरी उपचारात फरक पडतो.

२. सण व कामाचे दिनमान : आखाजी, कानबाई, होळीपूर्वीचे भोंगऱ्या बाजार व स्थलांतराचा हंगाम यांचा विचार करून ग्रामसभा, शिबिरे व लसीकरणाचे दिवस ठरवावेत. सालदाराचे वर्ष आखाजीला बदलते. त्या सुमारास घेतलेल्या कुटुंबनोंदी लवकरच कालबाह्य होतात.

३. प्रकरण-आधारित अध्यापन : व्याख्यानांऐवजी प्रत्यक्ष वनहक्क दावे, जात प्रमाणपत्रे व तक्रारी, त्यांतील नावे वगळून, चर्चेसाठी घ्याव्यात.

४. समाजाचे प्रतिनिधी प्रशिक्षक म्हणून : भिल्ल, पावरा, तडवी, बंजारा, दलित, मुस्लिम व भटक्या समाजांतील जाणकारांना मानधन देऊन व्यासपीठावर बोलवावे. ऑलपोर्ट यांनी सांगितलेला समान दर्जा येथेच प्रत्यक्षात येतो.

५. उत्तरदायित्व : फेटाळलेल्या अर्जांची कारणे, दुभाष्याची उपलब्धता व तक्रारींचे स्वरूप यांचा तालुकास्तरावर नियमित आढावा घ्यावा. प्रशिक्षणाचे मूल्यमापन उपस्थितीवरून न करता या आढाव्यावरून करावे.

महाविद्यालयांची भूमिका

या कार्यात महाविद्यालयीन अध्यापकांना महत्त्वाचे स्थान आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या व २०१८ मध्ये नामविस्तार झालेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिक्षेत्रात या सर्व बोली बोलणारे विद्यार्थी शिकत आहेत. मराठी विभागाने बोलींचे शब्दसंग्रह, समाजशास्त्र विभागाने समाजगटांच्या नोंदी आणि राज्यशास्त्र विभागाने कायदेविषयक टिपणे तयार केली, तर यावल व धुळे येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांना तसेच धुळ्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्राला स्थानिक साहित्य उपलब्ध होऊ शकेल. अमळनेरला अध्यापन केलेल्या साने गुरुजींनी आंतरभारतीच्या कल्पनेतून भारतीय भाषांनी परस्परांना समजून घ्यावे असा आग्रह धरला होता. तोच आग्रह एका जिल्ह्यातील बोलींच्या बाबतीतही धरता येतो.

निष्कर्ष

सांस्कृतिक जाणीव हा सौजन्याचा भाग नसून न्याय्य प्रशासनाची पूर्वअट आहे. तडवी कुटुंबाचा वनहक्क, पावरी मातेचा उपचार आणि भटक्या माणसाचा जीव हे सर्व त्यावर अवलंबून असतात. औट्रमच्या काळातील परिचय राज्य टिकविण्यासाठी होता. लोकशाहीतील परिचय नागरिकाचा हक्क पोहोचविण्यासाठी असला पाहिजे. त्यासाठी प्रशिक्षण स्थानिक असावे, ते संबंधित समाजांच्या सहभागाने व्हावे आणि त्याची सांगड उत्तरदायित्वाशी घालावी. या तीन अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर प्रशिक्षण हा सेवापुस्तकातील नोंदीपुरता उपचार ठरेल.