उन्हाने तापणारी हवापेटी

थंड प्रदेशात शेगडीच्या जोडीला ऊनही खोली गरम करतं! १८८१ साली अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी अशा युक्तीचं पेटंट घेतलं.

उथळ लाकडी पेटीत काळा रंगवलेला पत्रा बसवा, वर काच. मध्ये हवेला जागा ठेवा. ही पेटी दक्षिणेकडच्या भिंतीला बाहेरून लावा आणि भिंतीला खाली-वर दोन भोकं पाडा. पत्रा तापला की हवा हलकी होऊन वरून खोलीत शिरते, खालून गार हवा पेटीत येते. पंखा नकोच!

रात्री मात्र उलटं होतं. पेटीतली हवा गार, जड होऊन खालून घरात उतरते, वरून ऊब पळते. म्हणून खालच्या भोकाला जाळी लावून पेटीच्या बाजूने पातळ प्लास्टिकचा पडदा सोडतात. दिवसा तो उघडतो, रात्री जाळीला चिकटतो.